ग्रे पार्स आणि मी न उघडलेला डेथ्स टॅब

परवा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट गेममधली आमची रेड (सगळ्यांनी मिळून मोठा बॉस मारायचा तो खेळ) संपली, सगळे एकेक करून व्हॉइसमधून निघाले आणि तेवढ्यात आमच्या ट्रायलवरच्या नवीन पोराचा मेसेज आला, "ताई माझा पार्स ३१ आलाय, मला काढणार का?" मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि थांबले. कारण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी मी कोणाला तरी असाच रात्री विचारला होता, आणि नंतर एकदा मी स्वतः रेड लीडर असताना याच प्रश्नाचं फार वाईट उत्तर एका माणसाला दिलं होतं, त्याने न विचारता. त्या पोराला मी एवढंच लिहिलं की "झोप आता, उद्या दोघं मिळून लॉग बघू." पण मला काही झोप लागली नाही, म्हणून हे लिहितेय. लांबणार आहे.

जे रेड करत नाहीत त्यांना थोडं सांगते, बाकीच्यांनी पुढे जा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये मिथिक, म्हणजे सगळ्यात कठीण रेड म्हणजे बरोबर २० जण, साधारण २ टँक (बॉसचा मार अंगावर घेणारे), ४ हीलर (बाकीच्यांना जिवंत ठेवणारे) आणि १४ डीपीएस (डॅमेज करणारे; सेकंदाला होणाऱ्या डॅमेजलाही डीपीएसच म्हणतात). बॉसला ठरलेल्या वेळेत पाडलं नाही तर तो एनरेज होतो आणि सगळे संपतात, म्हणजे प्रत्येकाने किती डॅमेज केलं याला खरंच अर्थ असतो, ती काही उगाच केलेली मोजामोजी नाही. गेम स्वतःच प्रत्येक घटना एका फाइलमध्ये लिहून ठेवू शकतो, कोणी कोणता स्पेल कितव्या सेकंदाला टाकला, कोणाला काय लागलं, कोणी कोणाला हील केलं, आणि ॲडव्हान्स्ड लॉगिंग चालू ठेवलं तर कोण कुठे उभं होतं ते पण. ती फाइल वॉरक्राफ्ट लॉग्सवर अपलोड केली की तुमच्या स्पेकचे (क्लासच्या उपप्रकाराचे), त्याच बॉसला त्याच डिफिकल्टीवर मारलेले बाकीचे लोक आणि तुम्ही, अशी तुलना होऊन शंभरपर्यंतचा एक आकडा मिळतो. तोच पार्स. २५ च्या खाली ग्रे, मग ग्रीन, ५० पासून ब्लू, ७५ पासून पर्पल, ९५ पासून ऑरेंज, ९९ ला पिंक आणि १०० ला गोल्ड.

आता यातली एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात, मी पण कित्येक वर्षं विसरले होते. रँकिंग फक्त किलचं होतं, वाइपचं (सगळे मेले आणि बॉस उरला त्या प्रयत्नाचं) होत नाही. म्हणजे ज्यांनी तो बॉस अजून मारलाच नाहीये ते या तुलनेत नसतातच. त्यामुळे मिथिकच्या शेवटच्या बॉसवर ग्रे आलेला माणूस हा तो बॉस मारलेला माणूस असतो, आणि त्याला ग्रे म्हणून हाकलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो बॉस अजून समोरून पाहिलेला पण नसतो.

माझी सुरुवात ॲफ्लिक्शन वॉरलॉक (शाप लावून हळूहळू डॅमेज करणारा क्लास) म्हणून झाली. पहिल्या सहा की सात किलमध्ये माझा सगळ्यात चांगला पार्स १४ होता आणि मी रोज रात्री तो ग्रे रंग बघून झोपायचे, सकाळी उठून गाइड वाचायचे, ट्रिंकेट बदलायचे, टॅलेंट बदलायचे आणि पुढच्या आठवड्यात परत १४ नाहीतर ११. शेवटी गिल्डमधल्या (आमच्या कायमच्या संघातल्या) एका जुन्या खेळाडूला, ज्याला सगळेच दादा म्हणायचे, मी विचारलं की मला काढणार आहेत का. तो म्हणाला थांब, स्क्रीन शेअर करतो. आणि त्याने पार्सकडे बघितलंसुद्धा नाही, डायरेक्ट कास्ट्स, म्हणजे मी कोणता स्पेल कधी टाकला ते पान उघडलं.

सहा मिनिटांची फाइट होती, माझा ॲक्टिव्ह टाइम (काहीतरी टाकत असतानाचा वेळ) ७१ टक्के होता. तो म्हणाला, "उरलेल्या २९ टक्क्यांत तू काय करत होतीस?" मी हिशेब केला, जवळजवळ पावणेदोन मिनिटं होत होती. ग्लोबल कूलडाउन, म्हणजे दोन स्पेलमधलं सक्तीचं अंतर, हेस्ट (वेग वाढवणारा गुण) नसताना दीड सेकंदाचा असतो, म्हणजे किमान ७० स्पेल मी टाकलेच नव्हते. मग त्याने टाइमलाइन आणि रिप्ले शेजारी शेजारी लावले आणि दाखवलं की ती सगळी रिकामी जागा मी पळत असतानाची आहे. जमिनीवर काही आलं की मी कीबोर्डवरचा बाकी सगळा हात उचलून फक्त पळायचे, पोचायचे, श्वास घ्यायचे आणि मग परत सुरू करायचे. "ॲगनी आणि करप्शन हे शाप इन्स्टंट आहेत ना," तो म्हणाला, "मग पळताना टाक की." आणि ॲगनीचे स्टॅक हळूहळू चढतात, ते मध्येच पडू दिले की परत खालून सुरुवात करावी लागते, शिवाय मोठ्या स्पेलना लागणारे सोल शार्ड पण त्यातूनच येतात, म्हणजे माझं पळणं मला दोनदा महाग पडत होतं.

मला आठवतंय मी लगेच विचारलं, अजून काय चुकतंय? त्याला खूप दिसत असणार, आता मी लोकांचे लॉग वाचते तेव्हा मला कळतं की किती दिसतं. पण तो म्हणाला, "या आठवड्यात फक्त एवढंच. पळताना ॲगनी. बाकी सगळं चुकलं तरी चालेल." पुढच्या आठवड्यात माझा पार्स ३८ आला. त्याच गियरवर, त्याच टॅलेंटवर. मला तेव्हा वाटलं की सल्ला चांगला होता म्हणून हे झालं. आता वाटतं सल्ला एकच होता म्हणून झालं, त्याने मला अकरा गोष्टी सांगितल्या असत्या तर मी त्यातली एकही केली नसती आणि वर रडत बसले असते.

हे सगळं मला मिळालेलं असताना मी पुढे जे केलं ते म्हणूनच मला जास्त लागतं.

दोन वर्षांनी मी दुसऱ्या गिल्डमध्ये रेड लीडर झाले होते, वॉरलॉक सोडून हीलरला आले होते. आम्ही एका बॉसवर बरेच आठवडे अडकलो होतो आणि एका रात्री तो पडला, सात मिनिटांची फाइट, सगळे ओरडतायत, आनंदात. मी लॉग अपलोड केला आणि रँकिंगचं पान सगळ्यांच्या चॅनलमध्ये टाकलं. आमचा फ्रॉस्ट मेज (बर्फाचे स्पेल टाकणारा जादूगार) सगळ्यात खाली, पार्स ६. आणि मी, त्या आनंदाच्या भरात म्हणा किंवा थकलेली होते म्हणून म्हणा, सगळ्यांसमोर लिहिलं की "किल झाला ते ठीक आहे पण ६ चालणार नाही, पुढच्या बॉसला सिंगल डिजिट घेऊन जाता येत नाही, रोटेशन बघ." त्याखाली वरच्या एका ऑरेंज मेजच्या लॉगची लिंक पण दिली, शिकायला म्हणून. मला खरंच वाटत होतं मी मदत करतेय.

त्याने काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गिल्डमध्ये नव्हता.

दोन दिवसांनी त्याची जागा भरायची म्हणून मी तोच लॉग उघडला, की नक्की काय कमी पडत होतं ते बघून तसा माणूस शोधू. आणि यावेळी डेथ्स टॅब उघडला, कोण कधी कशाने मेलं ते दाखवणारा. तो २ मिनिटं १० सेकंदांना मेला होता. सात मिनिटांच्या फाइटमध्ये तो जेमतेम तिसरा हिस्सा जिवंत होता आणि डीपीएस तर अख्ख्या फाइटच्या वेळेने भागला जातो. जेवढा वेळ उभा होता तेवढा त्याचा डॅमेज चांगला होता, म्हणजे आमच्या वरच्या तिघांत बसला असता. पहिल्या ॲड्सवर (बॉसबरोबर येणाऱ्या छोट्या शत्रूंवर) आमच्या रेडमधले सगळ्यात जास्त इंटरप्ट, म्हणजे शत्रूचा स्पेल मध्येच तोडणं, त्याचे. मग मी रिप्ले लावला. त्याला डिबफ (बॉसने लावलेला घातक परिणाम) आला होता, तो घेऊन बाहेर जायचं काम मीच त्याला दिलं होतं, तो बरोबर मी सांगितलेल्या जागी गेला होता. आणि त्या बाजूला एकही हीलर नव्हता. हीलची रेंज ४० यार्ड असते, तो त्याच्या पलीकडे उभा होता, आईस ब्लॉक हा त्याचा बचावाचा स्पेल आधीच्या धक्क्याला वापरून झाला होता, शेवटच्या चार सेकंदांत त्याला एकही हील आलं नव्हतं. हीलर कोण कुठे उभा राहणार हे असाइनमेंट माझं होतं. माझ्या नोटमध्ये ती बाजू रिकामी होती.

परत उठवलं का नाही, तर बॅटल रेझ (फाइट चालू असताना मेलेल्याला उठवणं) एकच होतं सुरुवातीला, ते टँकला गेलं होतं, २० जणांच्या रेडमध्ये पुढचं यायला साडेचार मिनिटं लागतात आणि ते आलं तेव्हा आम्ही ते हीलरला दिलं. तो जवळजवळ पाच मिनिटं जमिनीवर पडून होता, आम्ही बॉस मारत होतो, आणि नंतर मी त्याला सांगितलं की रोटेशन बघ.

मी त्याला सगळं लिहिलं, माझी चूक होती, लॉगमध्ये कुठे दिसतेय ते पण लिहिलं, आणि ज्या चॅनलमध्ये बोलले होते त्याच चॅनलमध्ये सगळ्यांसमोर पण लिहिलं. त्याचं उत्तर चार दिवसांनी आलं. छान होतं उत्तर, राग नव्हता, दुसऱ्या ग्रुपमध्ये जागा मिळाली म्हणाला, तिकडे बरं चाललंय. परत यायचं का विचारलं तर नको म्हणाला. त्यापुढे मी काय म्हणणार होते.

तेव्हापासून मी कोणाचाही लॉग उघडला की आधी डेथ्स, मग कास्ट्स, मग रिप्ले आणि आकडा सगळ्यात शेवटी बघते. आणि हे करायला लागल्यावर कळलं की तो आकडा किती गोष्टींनी वर खाली होतो ज्यांचा त्या माणसाशी काही संबंध नसतो. ब्लडलस्टचंच घ्या, सगळ्या रेडचा वेग वाढवणारा स्पेल, ३० टक्के हेस्ट, ४० सेकंद, आणि मग दहा मिनिटं परत घेता येत नाही. चार मिनिटांत बॉस पाडणाऱ्या गिल्डमध्ये ते ४० सेकंद म्हणजे फाइटचा सहावा हिस्सा, आठ मिनिटं लागणाऱ्या गिल्डमध्ये बारावा. तोच खेळाडू, तेच गियर, तीच बटणं, तरी चार मिनिटांच्या किलमध्ये त्याचा डीपीएस वर दिसणार. पोशनचं तेच, मोठ्या कूलडाउनचं (एकदा वापरला की बराच वेळ परत न मिळणाऱ्या ताकदवान स्पेलचं) तेच. मग प्रीस्टने पॉवर इन्फ्युजन (दुसऱ्याला वेग देणारा स्पेल) कोणाला दिलं, ॲड्स कोणी मारले आणि कोणी त्यांच्याकडे दुर्लक्ष करून बॉसवरच हात चालवला, सोक करायला (बॉसचा मार मुद्दाम अंगावर घ्यायला) कोण गेलं. जो इंटरप्टच्या यादीत आहे तो त्यासाठी थांबून राहतो, आणि ते थांबणं पार्समध्ये नुसतं नुकसान म्हणून दिसतं. २०२३ च्या जुलैमध्ये ऑगमेंटेशन इव्होकर आला तेव्हा तर हा गोंधळ उघडच झाला, कारण त्याचं कामच दुसऱ्यांचा डॅमेज वाढवायचं, मीटरवर तो खाली आणि शेजारचे फुगलेले, शेवटी लॉगमध्ये त्याचा वाटा वेगळा काढून दाखवायला लागला.

हीलरचा पार्स तर मी जवळजवळ बघतच नाही. डॅमेज जेवढा लागतो तेवढंच हील करता येतं, ग्रुप चांगला खेळला की हील करायला उरतच नाही, चारच्या जागी पाच हीलर आणले की तोच डॅमेज पाच जणांत वाटला जातो. ज्या रात्री आमचे हीलर पर्पल येतात त्या रात्री मला खात्री असते की कोणीतरी आगीत उभं होतं. हीलरचं मी काय बघते तर मोठा धक्का यायच्या आधी त्याचा कूलडाउन लागला होता का नंतर, मॅना कुठे संपला, आणि माणूस मेला तेव्हा जवळच्या हीलरचा हात रिकामा होता का. हे आकड्यात मावत नाही, वाचावंच लागतं.

पण एवढं सगळं लिहून झाल्यावर दुसरी बाजू पण लिहायला पाहिजे, कारण पार्स वाईट, लॉग वाईट, सगळं टॉक्सिक असं जे लोक म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाहीये. मी पग, म्हणजे अनोळखी लोकांचे तात्पुरते ग्रुप, लीड केलेत. एक डीपीएस हवाय म्हणून ग्रुप फाइंडरमध्ये टाकलं की बघता बघता यादी भरते, नाव, क्लास, आयटम लेव्हल, एका ओळीची नोट, आणि मागे एकोणीस लोक वाट बघतायत, त्यातले दोघं अजून पाच मिनिटं थांबवलं तर निघून जाणार. अशा वेळी माणूस काय करणार, जो आकडा समोर दिसतो तो धरणार. हे आजचं नाही, राथ ऑफ द लिच किंगच्या वेळी, २००९ च्या आसपास, गियरस्कोअर नावाचं ॲडऑन होतं आणि तेव्हा लोक गियरची बेरीज बघून घ्यायचे, त्यात तर माणूस खेळतो कसा याचा काहीच पत्ता नसायचा, नुसते कपडे बघायचे. त्या मानाने लॉग फारच न्यायाचा आहे, निदान तू काय केलंस ते तरी त्यात आहे. मग २०१४ ला आत्ताचा ग्रुप फाइंडर आला आणि अहेड ऑफ द कर्व्ह ही अचीव्हमेंट लिंक करा मगच घेऊ सुरू झालं, म्हणजे बॉस मारायला यायचं असेल तर आधी बॉस मारलेला दाखव. गिल्ड वॉर्स २ मध्ये रेड २०१५ च्या शेवटी आल्या तिकडेही हेच, इतके लेजेंडरी इनसाइट (रेडमध्ये बॉस मारून मिळणारी वस्तू) चॅटमध्ये पिंग करा मग या. गेम कुठलाही असो, अनोळखी नऊ किंवा एकोणीस लोकांचा वेळ ज्याच्या हातात आहे तो पुरावा मागतो, आणि मला ते चूक वाटत नाही. नवीन माणसाला पुरावा मिळवायची जागाच कुठे नाही, हे मात्र चूक वाटतं.

फायनल फॅन्टसी १४ मध्ये उलटं आहे, तिथे बाहेरची टूल्स वापरायला नियमानेच मनाई आहे, कोणाचा डीपीएस काढून त्याला सुनावलं तर तुमच्यावरच कारवाई होऊ शकते. मी तिकडे वर्षभर सॅव्हेज (तिकडच्या कठीण रेड) खेळले, आठ जणांचा ग्रुप. खूप शांत वाटलं सुरुवातीला, कोणी कोणाला बोलत नाही. पण मग एका बॉसला आम्ही दर वेळी एनरेजला दोन टक्क्यांवर मरायचो आणि कोणीच काही बोलू शकत नव्हतं, प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच कमी पडतंय, आणि एकीने तर त्याच विचाराने खेळणं सोडलं. स्टोन, स्काय, सी म्हणून एक सोय आहे तिकडे, त्या बॉससाठी लागतो तेवढा डॅमेज तुम्ही पुतळ्यावर करू शकता का ते एकट्याने तपासता येतं, ती मला फार आवडली, कारण तुमचा आकडा फक्त तुम्हालाच कळतो. पण पुतळा पळायला लावत नाही. माझं तर दुखणंच पळण्याचं होतं, तिथे मला पुतळ्याने पास केलं असतं. मला तो दादा भेटला नसता आणि त्याच्यासमोर माझा लॉग उघडा नसता तर मी आजही ट्रिंकेट बदलत बसले असते.

म्हणून आता आमच्याकडे जे चालतं ते सांगते, कोणाला उपयोग झाला तर बघा. ट्रायल दोन आठवड्यांची, चार रात्री. पहिल्याच दिवशी सांगून टाकतो की आम्ही काय बघणार आहोत, म्हणजे मेलास कशाने, तेच परत परत का, इंटरप्ट आणि सोक दिले ते केले का, हेल्थस्टोन आणि डिफेन्सिव्ह (स्वतःला वाचवायच्या गोष्टी) वापरले का, आणि सांगितलेली एक गोष्ट पुढच्या रात्री लॉगमध्ये दिसली का. पार्सचं पान चॅनलमध्ये टाकायचं नाही, कोणीच नाही, मी पण नाही. ज्याला आपला लॉग वाचून हवाय त्याने मागायचा, मग दोघांत बसून वाचायचा, आणि उठताना एकच गोष्ट. एका रात्री दोन गोष्टी सांगायचा मोह मला आजही होतो, विशेषतः चांगल्या खेळाडूंच्या बाबतीत, कारण त्यांना झेपेल असं वाटतं. त्यांनाही नाही झेपत. आणि न मागता सल्ला द्यायचाच असेल, कारण खरंच कोणाच्या तरी चुकीने सगळे मरतायत, तर आधी विचारायचं की तुला तिथून काय दिसलं. निम्म्या वेळा त्याला जे दिसत असतं ते मला दिसलेलं नसतं, त्याच्यावर दुसऱ्याचा डिबफ आलेला असतो किंवा माझाच कॉल उशिरा गेलेला असतो.

हो, आणि कधी कधी नाही म्हणावं लागतं. हे पण लिहिते कारण नाहीतर वाटेल मी सगळ्यांनाच घेते. रोग (Rogue) क्लासचा एक खेळाडू आला होता, सगळीकडे ऑरेंज, खरंच सुंदर हात होता त्याचा. दोन रात्रींत त्याने स्वतःच्या वाटणीचे सगळे इंटरप्ट सोडले कारण त्यामुळे त्याचा ओपनर (सुरुवातीच्या स्पेलचा ठरलेला क्रम) तुटत होता, प्रीस्टकडे तीनदा पॉवर इन्फ्युजन मागितलं आणि आमच्या नवीन हंटरला व्हॉइसवर म्हणाला "ग्रे माणसाने बोलू नये." त्याला मी त्याच रात्री नको म्हटलं. त्यासाठी मला लॉग उघडावा लागला नाही.

अर्ज करणाऱ्यांना मी आता एक वेगळी गोष्ट मागते आणि ही माझी सगळ्यात आवडती आहे. बेस्ट लॉग सगळेच पाठवतात. मी म्हणते तुझा सगळ्यात वाईट लॉग पाठव आणि त्या रात्री काय झालं ते लिही. काही लोक उत्तरच देत नाहीत. काही लिहितात टँक वाईट होता, हीलर वाईट होते, लॅग होता. आणि काही असं लिहितात की मला लॉग उघडायच्या आधीच कळतं की हा माणूस हवाय. मागच्या टियरला एका रेस्टोरेशन ड्रुइडने ९ पार्सचा किल पाठवला होता, तिने लिहिलं होतं की त्या रात्री आम्ही पाच हीलर होतो म्हणून आकडा कमी आहेच, पण तो मुद्दा सोडा, पहिलं ट्रँक्विलिटी (सगळ्यांना एकदम हील करणारा मोठा कूलडाउन) मी बारा सेकंद लवकर लावलं कारण मला भीती वाटली, आणि त्यामुळे चौथ्या मिनिटाला माझ्याकडे काहीच नव्हतं, दोन जण गेले, त्यातला एक वाचला असता. मी लॉग उघडून बघितलं, अगदी तसंच होतं, बारा नाही तेरा सेकंद. आज आमच्या हीलरचे सगळे कूलडाउन तीच लावते, ती बाजू रिकामी राहिलीय असं तिने मला दोनदा पुल (बॉसवरचा एक प्रयत्न) सुरू व्हायच्या आधी सांगितलंय.

तर परवाचा तो पोरगा. काल संध्याकाळी बसलो दोघं. तो बोलायलाच तयार नव्हता आधी, माफ करा ताई, अजून प्रॅक्टिस करतो ताई, असं चाललं होतं. मी ३१ वाला किल बाजूला ठेवला आणि वाइप उघडले. वाइपना रँक नसतो पण लॉग असतो, आणि खरं शिकणं सगळं तिथेच दिसतं. पहिल्या रात्री २२ पुल, त्यात ९ वेळा पहिला मेलेला तोच. तिसऱ्या रात्री १९ पुल, फक्त २ वेळा. कोणी त्याला काही सांगितलं नव्हतं, त्याने स्वतः हुडकून काढलं होतं की तो लाटेच्या चुकीच्या बाजूला उभा राहतोय. मी त्याला ते दोन आकडे दाखवले, तो बराच वेळ काही बोललाच नाही, मला वाटलं नेट गेलं. मग हळूच म्हणाला, "हे कोणी बघतं असं मला माहितीच नव्हतं."

मग कास्ट्स उघडले. त्याचा मोठा कूलडाउन ब्लडलस्टच्या पंधरा सेकंद आधी जात होता, प्रत्येक पुलला, न चुकता. तेवढीच एक गोष्ट सांगितली, पंधरा सेकंद थांब. अजून चार दिसत होत्या, त्या मी माझ्या वहीत लिहून ठेवल्यात.

"मग राहू ना मी?" त्याने परत विचारलं.

साडेनऊला इनव्हाइट जाईल म्हटलं, वेळेवर ये आणि पोशन घेऊन ये, मागच्या वेळी तुझे सतराव्या पुलला संपले होते.